नंदुरबारचा माणिक चौक : स्थळ, घटना आणि शब्द

भंडारा जिल्ह्यात इ. स. १९४२ चा विषय निघाला की तुमसरचे नाव आल्यावाचून राहात नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तुमसरला पोलिसांनी केलेल्या गोळीबारात माणसे पडली आणि तांदळाच्या व्यापाराबद्दल व आसपासच्या मँगनीजच्या खाणींबद्दल ओळखले जाणारे ते गाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात गेले. तुमसरचा भाग मराठीच्या पूर्व सीमेवरचा आहे. पोवारी, गोंडी आणि हिंदी यांचा शेजार तेथील बोलण्यात पदोपदी जाणवतो. मराठीच्या दुसऱ्या टोकाला, वायव्य सीमेवर, याच सुमारास घडलेली तशीच एक घटना महाराष्ट्राला अधिक परिचित आहे. ती म्हणजे नंदुरबारच्या माणिक चौकातील ९ सप्टेंबर १९४२ चा गोळीबार. या घटनेची कथा शालेय पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून अनेकांच्या कानांवर गेलेली आहे. तथापि कथा सर्वतोमुखी झाली म्हणजे इतिहास लिहून झाला असे होत नाही. किंबहुना जी कथा फार वेळा सांगितली जाते, तिच्यातील शब्द तपासून पाहण्याची गरज अधिक असते.

प्रथम स्थळाचा विचार करणे अवश्य आहे. १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठी मुलखात जे रक्तपात झाले, त्यांची ठिकाणे नकाशावर मांडली असता एक गोष्ट ध्यानात येते. वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे १६ ऑगस्टला संघर्ष पेटला तो पोलीस ठाण्यापाशी. त्याच दिवशी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लोकांचा क्षोभ अधिकारी उतरले होते त्या डाकबंगल्यावर गेला. सातारा जिल्ह्यातील मोर्चे तालुक्याच्या कचेरीवर जात. ९ सप्टेंबरला वडूज येथे अशाच मोर्चावर गोळ्या झाडल्या जाऊन परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण प्राणांस मुकले, आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर येथे मोर्चात दोघांचा बळी गेला. ठाणे, डाकबंगला, कचेरी ही सर्व राज्यसत्तेची घरे होत. लोक आपल्या वस्तीतून निघून सत्तेच्या दारी गेले आणि तेथे त्यांच्यावर गोळी चालली, असा या घटनांचा सर्वसाधारण आकार आहे. नंदुरबारचा आकार निराळा आहे. तेथे सत्ता लोकांच्या दारी आली. गोळी चालली ती भर बाजारपेठेत, जेथे त्या मुलांचे वडील, चुलते आणि शेजारी दररोज उठबस करीत, अशा जागी. वडूजचा मोर्चा आणि नंदुरबारची मिरवणूक एकाच दिवशीची. परंतु पहिलीत शेतकरी कचेरीपर्यंत चालून गेले होते, तर दुसरीत शाळकरी मुले आपल्याच गावातील रस्त्यांवरून फिरत होती. हा भेद बारीक वाटला तरी पुढे स्मृतीचे जे घडले त्याचे मूळ त्यातच आहे.

'चौक' हा शब्द संस्कृत 'चतुष्क' या शब्दापासून प्राकृत 'चउक्क' या रूपाने मराठीत आला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना परिचित आहे. जैनांच्या अर्धमागधी आगमांत नगरवर्णनाच्या ओघात सिंघाडग, तिग, चउक्क, चच्चर अशी स्थळांची नावे एका साखळीत वारंवार येतात. एखादा साधू किंवा तीर्थंकर नगराबाहेर येऊन उतरला की लोक या स्थळी जमतात आणि ती वार्ता एकमेकांस सांगतात, असा तो प्रसंग असतो. म्हणजे चौक हे वाहतुकीचे ठिकाण असण्यापूर्वी, निदान त्याच्या बरोबरीने, बातमीचे ठिकाण होते. मराठीत 'चव्हाट्यावर आणणे' या वाक्प्रचारात हा जुना अर्थ आजही टिकून आहे. याच शब्दाचा घरगुती संसारही मोठा आहे. वाड्याच्या पोटातील उघडी जागा ती चौक, आणि मंगलप्रसंगी पाटाखाली रांगोळीने भरतात तोही चौकच. एकाच शब्दाने घराचे अंतरंग आणि गावाचे बहिरंग दोन्ही दाखविली जावीत, हे मराठी बोलणाऱ्यांच्या नगरजीवनाचे एक लक्षण मानावयास हरकत नाही. मुंबईच्या किल्ल्यातील एल्फिन्स्टन सर्कल, ज्यास पुढे बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले, हे आखून, मोजून आणि कुंपण घालून तयार केलेले वर्तुळ होते. माणिक चौकासारख्या जागा कोणी आखल्या नाहीत. रस्ते मिळत गेले, दुकाने बसत गेली आणि चौक झाला.

माणिक चौक हे नाव अहमदाबादच्या विख्यात माणेक चौकाची आठवण करून देते. दोन्ही नावांतील साम्य उघड आहे आणि नंदुरबारच्या पेठेचा गुजरातशी असलेला संबंधही तितकाच उघड आहे. परंतु रत्नवाचक नावे पेठांना आणि चौकांना देण्याची चाल इतकी सर्वत्र आहे की केवळ नामसाम्यावरून एकाची उत्पत्ती दुसऱ्यातून सांगणे म्हणजे घाई होईल. व्युत्पत्तिशास्त्राची अशी घाईच त्या शास्त्राला बदनाम करीत आली आहे.

गावाविषयी मात्र निश्चित सांगता येण्याजोगे पुष्कळ आहे. नंद नावाच्या गवळी राजाने ते वसविले अशी लोकसमजूत आहे. ऐन-ई-अकबरीत नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे ठाणे म्हणून येते. सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरकडे आणि तेथून आग्ऱ्याकडे जाणारा व्यापारी मार्ग येथून जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी तापी खोऱ्यातील रेल्वेने याच जुन्या मार्गाला लोखंडी रूप दिले आणि सुरतेची पेठ नंदुरबारला पूर्वीपेक्षाही जवळ आली. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेशात गेले. सरकारी कामकाजाचे केंद्र धुळे राहिले, पण व्यापाऱ्याचे तोंड सुरतेकडेच राहिले. या पेठेत एका दिवसात किती भाषा कानांवर पडत याचा विचार करावा. व्यापाऱ्यांच्या घरांत गुजराती, कचेरीत आणि शाळेत मराठी, खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या तोंडी अहिराणी, आणि सातपुड्याच्या पायथ्यापासून बाजाराला आलेल्या आदिवासींच्या तोंडी भिलीच्या नाना बोली. ग्रीअर्सन यांनी भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (१९०७) भिली बोली आणि खानदेशी यांना एकत्र घेतले आणि त्या समूहाची सांगड गुजरातीच्या बाजूने घातली. मराठी अभ्यासकांनी पुढे यावर आक्षेप घेतले. तो वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. पण असा वाद ज्या भूमीविषयी होऊ शकतो ती भूमी कोणत्या प्रकारची आहे, हे त्यावरून कळते.

आता घटना. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँकच्या मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने 'चले जाव'चा ठराव केला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे प्रमुख पुढारी पकडले गेले. सिंगापूर फेब्रुवारीत आणि रंगून मार्चमध्ये जपानच्या हाती गेले होते. ब्रह्मदेशातून पायी परतणाऱ्या हिंदी लोकांच्या हालांच्या हकीकती गावोगावी पोचल्या होत्या. सरकारच्या लेखी हिंदुस्थान ही आता युद्धाची पिछाडी नव्हती, आघाडीच होती. त्यामुळे रूळ उखडणारा आणि झेंडा घेऊन गाणी म्हणणारा, या दोघांत भेद करण्याची सरकारची तयारी राहिली नाही. युद्धकालीन हिंसा म्हटली म्हणजे रणांगण डोळ्यांसमोर येते. परंतु दुसऱ्या महायुद्धातील पश्चिम खानदेशाचे रणांगण हे असे होते. शत्रूचा सैनिक तेथून हजारो मैल दूर होता आणि बंदूक समोरच्या मुलावर रोखलेली होती.

पुढारी तुरुंगात गेल्यावर चळवळ ज्यांच्या हाती आली त्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता, आणि हे सर्व देशभर दिसते. अहमदाबादला गुजरात महाविद्यालयापाशी विनोद किनारीवाला हा तरुण गोळीला बळी पडला. ११ ऑगस्टला पाटण्याच्या सचिवालयावर झेंडा लावण्यास निघालेल्यांपैकी सात विद्यार्थी मारले गेले. नंदुरबारला पुढाऱ्यांच्या अटकेस महिना पुरा झाला त्या दिवशी, ९ सप्टेंबरला, विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. तिच्यात मुलीही होत्या. मिरवणुकीच्या पुढे शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता हा विद्यार्थी झेंडा घेऊन चालत होता. त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. म्हणजे त्याला पंधरा वर्षे पूर्ण होऊन सोळावे चालू होते. मिरवणूक माणिक चौकात आली तेव्हा पोलिसांनी ती अडविली. पोलिसाने बंदूक मुलींच्या दिशेने रोखली असता शिरीषकुमारने ती आपल्यावर ओढवून घेतली, अशी आठवण परंपरेने सांगितली जाते. गोळ्या छातीत लागून तो जागीच पडला. त्याच गोळीबारात लालदास बुलाखीदास शहा, धनसुखलाल गोवर्धनदास वाणी, शशिधर नीळकंठ केतकर आणि घनश्यामदास गुलाबचंद शहा हे विद्यार्थीही मृत्यू पावले.

येथे थोडे थांबून भाषेकडे पाहिले पाहिजे. वरच्या परिच्छेदात 'त्याच गोळीबारात' असे म्हटले आहे. अशा प्रसंगांच्या मराठी वर्णनांत 'गोळीबार झाला' हे वाक्य जवळजवळ नेमाने येते. 'झाला' या क्रियापदाला करणारा लागत नाही. पाऊस होतो, भूकंप होतो, तसा गोळीबारही होतो. 'केला' म्हटले की लगेच कोणी, कोणाच्या हुकुमाने, किती फैरी, असे प्रश्न उभे राहतात. 'झाला' म्हणताच ते मावळतात. या रचनेचा दोष केवळ सरकारी वृत्तांतावर ढकलता येणार नाही. जे लोक त्या गोळ्यांनी पोळले, त्यांच्या स्मरणिकांतही तीच रचना आढळते. व्याकरणाने जुलमाला दिलेली ही सवलत अनवधानाची असेल, पण तिचा परिणाम खरा आहे. मारणारा वाक्यातून निघून जातो आणि मरणाराच काय तो उरतो. कर्त्याचा हा लोप आकड्यांत तर पूर्णच होतो. सरकारच्या हिशेबाप्रमाणे १९४२ अखेर देशात ५३८ प्रसंगी गोळीबार झाला, ९४० माणसे मेली, १,६३० जखमी झाली आणि ६०,२२९ जणांना अटक झाली. राष्ट्रीय पक्षाने हे आकडे फार कमी असल्याचे नेहमीच म्हटले आहे. नंदुरबारची पाच मुले या ९४० मध्ये कोठेतरी आहेत. फेब्रुवारी १९४३ मध्ये सरकारने या सर्व दंगलींची जबाबदारी काँग्रेसवर ठेवणारी पुस्तिका प्रसिद्ध केली, म्हणजे मारणाऱ्याला कर्तेपण नव्हते तरी मरणाऱ्यांच्या पुढाऱ्यांना ते लावण्यात आले.

जे मेले त्यांना काय म्हणावे, हाही प्रश्न भाषेचाच. तुमसरकडे, नागपूरकडे 'शहीद' हा शब्द सहज ओठांवर येतो. नागपूरच्या इतवारीतील शहीद चौक सर्वांना ठाऊक आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि खानदेशात 'हुतात्मा' हा शब्द रूढ झाला, आणि १९५५-५६ मधील संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ मुंबईच्या फ्लोरा फाउंटनला हुतात्मा चौक हे नाव मिळाल्यावर त्यास राज्यमान्यताच लाभली. 'शहीद' हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ साक्षी देणारा असा आहे. इंग्रजीतील ज्या शब्दाचे हे दोन्ही प्रतिशब्द मानले जातात, त्याचे ग्रीक मूळही साक्षीदार याच अर्थाचे आहे. 'हुतात्मा' हा शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांनी घडविला असे सांगतात. त्याची घडण यज्ञाच्या कल्पनेवर झाली आहे. ज्याने आपला आत्मा हवन केला तो हुतात्मा. दोन्ही शब्द आदराचेच, पण त्यांनी उभी केलेली चित्रे वेगळी. साक्षीदाराने काही तरी पाहिलेले असते आणि त्याची साक्ष कोणावर तरी जाते. आहुतीला आरोपी नसतो. पंधरा वर्षांच्या मुलाला हुतात्मा म्हटले की त्याचे मरण त्याने स्वतः दिलेले दान ठरते, आणि 'गोळीबार झाला' या वाक्याशी त्याचा चांगला मेळ बसतो. 'शहीद' म्हटले असते तर गोळी झाडणाऱ्याचे स्मरण अधिक झाले असते, असा दावा अर्थातच करता येणार नाही. रूढ झालेला शब्द मुळातील अर्थ सहसा जागा ठेवीत नाही. पण मूळ अर्थ मेला तरी शब्दाचा कल मागे राहतो, एवढे म्हणावयास आधार आहे.

माणिक चौकात स्मारक उभे आहे आणि दर ९ सप्टेंबरला तेथे अभिवादन होते. मात्र सर्वसाधारण लेखनात ही घटना 'शिरीषकुमार आणि त्याचे चार सहकारी' अशी येते. पाचही नावे ओळीने लिहिणारे लेखक तुलनेने थोडे. अशा संक्षेपाला कारणे आहेत. झेंडा एकाच्या हाती होता, आणि लोककथेला नायक एक लागतो. परंतु 'सहकारी' हा शब्द येथे नीट बसत नाही. लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास हे शिरीषकुमारच्या कामात साहाय्य करणारे नव्हते. ते त्याच मिरवणुकीत स्वतःच्या पायांनी चाललेले विद्यार्थी होते. ती पाच नावे ओळीने वाचली की आणखी एक गोष्ट दिसते. मेहता, शहा, वाणी, केतकर, शहा. धनसुखलाल, घनश्यामदास, बुलाखीदास, गुलाबचंद ही नामघडण गुजराती वळणाची आहे. शशिधर नीळकंठ केतकर हे नाव पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत महाराष्ट्रीय. त्या पेठेतील रोजचा शेजारच या यादीत उतरला आहे. 'चार सहकारी' म्हणताना जे गळते ते हे.

या शेजाराची कसोटी पुढे भाषावार प्रांतरचनेने पाहिली. १९५६ मध्ये मुंबई हे विशाल द्वैभाषिक झाले आणि योगायोग असा की त्याच राज्यात भंडाराही आले, नंदुरबार तर होतेच. १९६० मध्ये द्वैभाषिक मोडले. तेव्हा पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील १५६ गावे गुजरातकडे गेली. डांगचा वाद तर त्याहून तीव्र होता आणि तोही जिल्हा गुजरातकडेच राहिला. नंदुरबार शहर महाराष्ट्रात राहिले. सीमेच्या त्या काळातील वादात दोन्ही बाजूंनी जनगणनेचे आकडे, बोलींचे नमुने आणि ग्रीअर्सनचे खंड पुढे केले. भाषाशास्त्राचा असा उपयोग होताना पाहून त्या शास्त्राच्या अभ्यासकांना आनंद वाटावा की संकोच, हे ज्याचे त्याने ठरवावे. माणिक चौकातील पाच मुलांना मात्र हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता. सीमा ठरल्यावर ती महाराष्ट्राची हुतात्मे झाली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला तेव्हा त्या नव्या जिल्ह्याला त्यांच्याइतकी सर्वमान्य दुसरी ओळख नव्हती.

ही मुले त्या दिवशी जी घोषणा देत चालली होती, तिची आठवण सर्व कथनांत आवर्जून येते. भारतभूचे निशाण लवणार नाही, असा तिचा आशय. ती घोषणा गुजराती होती. तिच्यातील 'नमशे' हे क्रियापद गुजरातीच्या भविष्यकाळाचे आहे. त्यातील 'श' हा संस्कृतच्या 'नंस्यति' अशा रूपांतील 'स्य' चा वारस होय. मराठीने हा प्रत्यय टाकून 'ल' चा भविष्यकाळ स्वीकारला आणि तेथे 'नमेल' असे रूप होते. संबंधदर्शक प्रत्ययही तेथे 'चे' नसून 'नुं' आहे. इतके असूनही मराठी पुस्तकांनी या घोषणेचे भाषांतर बहुधा केले नाही. मुद्रणात तिचे अनुस्वार गळले, काही ठिकाणी तिला हिंदीचे वळण मिळाले, आणि ती कोणत्या भाषेतील आहे याचा उल्लेखही पुष्कळदा राहून गेला. तरीही ते 'शे' तसेच आहे. भंडाऱ्याच्या किंवा तुमसरच्या शाळेतील ज्या मुलाने गुजराती कधी ऐकलेली नाही, तेही शिरीषकुमारची गोष्ट सांगताना मराठी वाक्याच्या मधोमध तो गुजराती भविष्यकाळ उच्चारते, आणि त्याला तो परका वाटत नाही.